ओल आधी, रंग नंतर

शयनगृहाच्या भिंतींचे पोपडे काढून रंग द्यायचा आणि त्यानंतर न्हाणीघरातील फरशाही बदलायच्या, हा तुम्हा दोघांचा बेत वाचला. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. न्हाणीघर त्याच भिंतीच्या पलीकडे असेल, तर पोपड्यांचे मूळ तिथल्या ओलीत असण्याचा संभव बराच आहे आणि ती ओल थांबेपर्यंत लांबी (पुट्टी), प्रायमर, रंग यांवरचा खर्च वाया जाईल.

ओल कुठली आहे हे ठरवण्यासाठी भिंतीवर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडील बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येत आहे आणि खोलीकडील बाजूला जमले तर ती हवेतली आर्द्रता आहे, जिच्यावर वायुवीजन हाच मुख्य उपाय. भिंतीवर पांढरा लोणा (क्षारांचा थर) दिसत असल्यास तो कोरड्या ब्रशने झाडावा, कारण धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगापूर्वी साधारण 28 दिवस द्यावेत.

घर जुने असेल तर रंगात शिसे असू शकते, म्हणून तपासून घेतल्याशिवाय तो कोरडा घासू नये. फरशांखालच्या जलरोधक थराची 24 तास पाणी साठवून चाचणी घ्यावी (इथे घाई करणारा जोडीदार दुसऱ्या कामाला लावलेला बरा). विजेची जोडणी मात्र परवानाधारक तंत्रज्ञाकडेच सोपवा.