व्याख्यानमालेचे सलग सात दिवस: ठेवावेत की मोडावेत?

कार्यवाह

तालुक्याच्या गावात जुनं सार्वजनिक वाचनालय असलं की बहुतेक वेळा वर्षातून एकदा सात दिवसांची व्याख्यानमाला असते. सोमवारी संतसाहित्य, मंगळवारी शेअर बाजार, बुधवारी हृदयरोग, गुरुवारी कृत्रिम बुद्धिमत्ता. कालच्या भाषणाचा आजच्याशी संबंध नाही आणि आठव्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या की वर्षभर सामसूम. हा साचा मोडावा असं माझं मत आहे.

खर्च कुठे जातो बघा. वक्ता पुण्या-मुंबईचा, म्हणजे गाडी, मुक्काम, जेवण, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि मग मानधन. तिकडे वेशीवरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) आणि जुन्या वाड्यांतली मोडी लिपीतल्या कागदांची दप्तरं तशीच पडून राहतात, कारण हे विषय तासाभराच्या भाषणात मावत नाहीत. माझा प्रस्ताव: व्याख्यानं तीनच दिवस, तिन्ही एकाच विषयावर. वाचलेल्या पैशांत १२ रविवारांचा मोडी वर्ग, पावसाळा संपल्यावर दोन वारसा फेऱ्या आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अभिवाचन.

सतरंजी

साफ असहमत. सलग असते म्हणून तर लोक येतात. पहिल्या दिवशी समितीच्या घरची माणसं, दुसऱ्या दिवशी नेहमीचे श्रोते, तिसऱ्या दिवसापासून "काल काय बोलले हो!" ऐकून आलेले. तीन दिवसांत मालाच संपवलीत तर ही तिसरी फळी आत येईपर्यंत आभारप्रदर्शन झालेलं असेल.

हिशोबातही तुम्ही चुकताय. एक पत्रिका, एक फलक, माइकवाल्याची एकदाच जोडणी. सात दिवसांचं भाडं एका दिवसाच्या सातपट कधीच नसतं. महिन्याला एक कार्यक्रम म्हणजे १२ वेळा सभागृह आणि १२ वेळा निमंत्रण. चौथ्या महिन्यात खुर्च्या लावायला दोघं उरतात, सहाव्यात तुम्ही एकटे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. २१ एप्रिल ते २० मे असा महिना ती चालते आणि तारखा लोकांना पाठ असतात. खेड्यात अखंड हरिनाम सप्ताहाला सातही दिवस मांडव भरतोच ना?

टाळकरी

सप्ताहाचा दाखला दिलात, पण तो अर्धाच. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, त्यासाठी रात्रंदिवस पहारे लावलेले असतात. अमुक तास अमुक माणूस, हे आधी ठरतं. पंगती घरोघरी वाटून दिलेल्या, काकड्याची माणसं वेगळी, पारायणाला बसणारी वेगळी. माणूस कीर्तन ऐकायला येतो तेव्हा त्याचं त्या मांडवात आधीच काहीतरी काम असतं. व्याख्यानमालेत त्याला फक्त खुर्ची मिळते. सात दिवस की तीन दिवस हा वाद नंतर करा, आधी पहारे वाटा: एका आळीकडे एक दिवस, बैठक व्यवस्थेपासून वक्त्याच्या जेवणापर्यंत सगळं.

माइक टेस्टिंग

दोन्ही बाजूंचं वाचलं. श्रोते गळतात ते पहिल्या चाळीस मिनिटांत. वेळ साडेसहाची, सुरुवात सातला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, व्यासपीठावरच्या नऊ जणांचे सत्कार, प्रायोजकाचं मनोगत, मग वक्त्याचा परिचय (जो पत्रिकेवर छापलेला असतोच). वक्ता उभा राहतो पावणेआठला आणि साडेआठच्या शेवटच्या एसटीसाठी मागच्या दोन रांगा उठतात. सत्कार शेवटी घ्या. परिचय दोन मिनिटं. व्यासपीठावर दोनच खुर्च्या.

आवाजाचं म्हणाल तर पत्र्याच्या सभागृहात मंचाजवळ स्पीकरचे दोन मोठे खोके लावून आवाज वाढवला की मागे शब्द घुमतात, पुढच्यांचे कान बसतात. त्याऐवजी चार लहान खोके दोन्ही भिंतींवर निम्म्या अंतरापर्यंत, आवाज बेताचा. खोका माइकच्या मागे गेला की शिट्टी वाजणारच. प्रश्नोत्तरांना फिरता माइक देऊ नका, तो हातात आला की प्रश्नाचं भाषण होतं. चिठ्ठ्या घ्या. आणि मोकळ्या मैदानात असाल तर रात्री १० ला ध्वनिवर्धक बंद, हे वक्त्याला आधीच सांगा.

बोरू

मोडीला १२ रविवार? अक्षरओळख होईल, दप्तर वाचता येणार नाही. मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नसतो, शब्द तोडून लिहीत नाहीत. 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरून ठरवायचं. पहिले चार रविवार मुळाक्षरं आणि बाराखडी, पुढचे चार शिळाप्रेसवर (दगडी छापावर) छापलेली मोडी, शेवटचे चार इंग्रजी अमदानीतले कागद. पेशवेकालीन वळणाला हात घालायचा तर आणखी तेवढेच रविवार. वर्ग २० जणांचा ठेवा, त्याहून जास्त असले तर प्रत्येकाची वही तपासून होत नाही. रोजचा अर्धा तास सराव नसेल तर पाचव्या रविवारी 'क' आणि 'फ' पुन्हा पहिल्यापासून.

मूळ कागद वर्गात फिरवू नका. छायाप्रती काढा, मूळ दप्तर कपाटात राहू द्या. एवढं सांभाळलंत तर वर्गाला माझा पाठिंबा आहे. सात व्याख्यानांपेक्षा दप्तर वाचू शकणारी पाच माणसं गावाला जास्त उपयोगी.

सतरंजी

पाच माणसांसाठी सार्वजनिक पैसा? वाचनालय सगळ्या गावाचं आहे. ज्यांना बोरू धरायचा नाही त्यांनी काय करायचं?

पायवाट

त्यांनी फेरीला यावं! पण फेरी म्हणजे सहल नाही. २५ च्या वर माणसं नकोत, नाहीतर मागच्यांना ऐकू येत नाही आणि रस्त्यात वाहनं अडतात. जास्त नावं आली तर दोन तुकड्या करा. सकाळी सातची वेळ उत्तम, कारण तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं. अक्षरं दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू, पीठ किंवा तेल चोळायचं नाही. दगड खराब होतो आणि पुढच्याला खोटी रेघ खरी वाटते. सावलीतल्या दगडाला बाजूने विजेरी धरली की काम होतं. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई किंवा गुरं सोडवताना आलेलं मरण, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. एवढं सांगितलं की लोक पुढचा दगड स्वतः लावून बघतात.

खतावणी

एक गोष्ट कुणीच काढली नाही: ठेवी. सातपैकी चार-पाच दिवस कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ असतात. घरच्यांनी कधीकाळी ५०,००० ची ठेव दिलेली. ७ टक्क्यांनी वर्षाला ३,५०० रुपये येतात, त्यात वक्त्याची गाडीही येत नाही. तरी दिवस त्यांच्या नावाचा. माला तीन दिवसांवर आणलीत तर दोन घरांना काय सांगणार? आधी ठेवपत्रांतले शब्द बघा. 'व्याख्यानासाठी' लिहिलं असेल तर वर्षात कधीही व्याख्यान घेता येईल. 'वार्षिक व्याख्यानमालेत' असेल तर घरच्यांची लेखी संमती, मग सर्वसाधारण सभेचा ठराव. तोंडी "हो हो, चालेल" वर थांबू नका.

अभिवाचनाबद्दलही. हौशी मंडळ, फुकट प्रवेश, तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावलंत की लेखकाची, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांची परवानगी लागते. चित्रफीत यूट्यूबवर टाकायची तरी परवानगी घ्याच, ती सूट सभागृहातल्या श्रोत्यांपुरती आहे.

कार्यवाह

ठेवींचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. मग असं: संमती मिळेल तेवढेच दिवस मालेतून काढायचे आणि त्याच नावाने मोडी वर्गाचा समारोप किंवा फेरीआधीचं व्याख्यान करायचं. पहाऱ्यांची कल्पना तर यंदाच राबवता येईल, त्याला ठराव लागत नाही. सात दिवस टिकले तरी विषय एकच हवा, यावर मात्र मी मागे हटणार नाही.

सतरंजी

विषय एक ठेवा, हरकत नाही. सात दिवस ठेवा. आणि अभिवाचनाला दुसरा शनिवार धरू नका. त्या दिवशी बँकांना सुट्टी, बँकेतले कार्यकर्ते जोडून आलेल्या रविवारी बाहेरगावी जातात. पहिला शनिवार घ्या, आणि तो तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचा वार नाही ना, तेवढं बघा.