कावीळ उघड दिसतेय आणि एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम) फक्त १९??

राजवाड्याजवळच्या छोट्या लॅबमध्ये आहे, सेमी ऑटो मशीन. काल एक पंचवीसेक वर्षांचा मुलगा आला, डोळे पिवळेधम्मक, सीरम तर हळद कालवल्यासारखं, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ९.४ आणि एसजीपीटी आली १९. परत लावली, १४. कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते सीरम) बरोबर येतोय, रिएजंट (टेस्टचं रसायन) सकाळीच बनवलंय, फॅक्टर (रीडिंगला गुणायचा आकडा) १७४६ च आहे. डॉक्टरांचा फोन आला की अहो हे कसं शक्य आहे, मी काय सांगू? रिपोर्ट अडकवून ठेवलाय.

↳ सॅम्पल हिमोलाइज (रक्तपेशी फुटलेलं) असेल बघ. आमच्याकडे सुई बारीक घेतली की असंच होतं.

↳ नाही हो दादा, हिमोलिसिसने एसजीपीटी खाली कशाला येईल, झालीच तर थोडी वाढेल, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) तर त्याहून जास्त.
ताई, मशीनवर सुरुवातीचं अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) किती दिसतंय ते सांगा आधी. या टेस्टमध्ये रिएजंटमधलं एनएडीएच संपत जातं आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशावर रीडिंग किती उतरतं ते आपण मोजतो. एन्झाइम प्रचंड असेल तर पहिल्या ६० सेकंदांच्या डिलेमध्येच सगळं एनएडीएच खलास, मग मशीन मोजायला लागतं तेव्हा उतरायला काही उरलेलंच नसतं. ग्राफ सपाट, आकडा नॉर्मल. पावसाळ्यात हिपॅटायटिस ए चे पेशंट येतात तेव्हा हमखास फसायला होतं. १ भाग सीरम ९ भाग नॉर्मल सलाईन करून लावा, १० ने गुणा.

↳ (मूळ प्रश्नवाली) सुरुवातीलाच ०.२८ होतं!! नुसत्या रिएजंटचं १.३ येतं, मी तिकडे बघितलंच नाही, आकडा बघून पोहे खायला गेले 🙈 डायल्यूट करून २५८ आली, म्हणजे २५८०. डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले आता जुळलं.

↳ मशीनच्या सेटिंगमध्ये सुरुवातीच्या अ‍ॅब्सॉर्बन्सची खालची लिमिट असते, ती बहुतेक शून्यावर राहिलीये तुमची. किटच्या कागदावर बघून भरा, मग पुढच्या वेळी मशीनच ओरडेल.

↳ आणि ते १९ वालं प्रिंटआउट फेकू नका, नव्या मुलांना दाखवायला ठेवा.