गुलामीवरच्या कवितेत ग्रीक देव हवेत कशाला?

शमी
कवयित्री फिलिस व्हीटलीच्या 'नायोबी' या कवितेबद्दल बोलायचं आहे. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकलेली ही मुलगी. पुढचे दात पडलेले, त्यावरून वय धरलं सात-आठ. ज्या जहाजातून आली त्याचंच नाव तिला दिलं, आडनाव मालकांचं. १७७३ मध्ये लंडनला तिचा संग्रह छापला तेव्हा ती गुलामच होती. कविता खरंच हिच्याच आहेत, अशी बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांची ग्वाही पुस्तकाला जोडावी लागली.

त्यात रोमन कवी ऑविडच्या कथेवरची ही दीर्घ कविता आहे. नायोबी राणी आपल्या चौदा मुलांचा तोरा मिरवते, म्हणून अपोलो आणि डायना हे देव ती सगळी बाणांनी मारतात. ऑविडकडे शेवटी राणीचा दगड होतो. व्हीटलीच्या पुस्तकात तो शेवट आहे, पण तिथे टीपही आहे की इथून पुढचं लेखन दुसऱ्या हातचं. तिची स्वतःची नायोबी त्याआधीच थांबते. धाकट्या लेकीला पोटाशी धरून 'एवढी एक तरी राहू द्या' म्हणते, आणि लेक तिच्या मिठीतच मरते.

लेकरं हिरावली गेलेली गुलाम आई त्या काळच्या बॉस्टनच्या दिवाणखान्यात कुणी ऐकून घेतली नसती. ऑविडच्या आडून तिने ती ऐकवली. माझ्या मते गुलामी आणि वर्णद्वेषावर लिहिणाऱ्या कवींनी या पुराणकथा वापरल्या त्या अशा कामासाठी. याला गोऱ्यांची नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गोदाकाठ
शमीताई, कविता मीही वाचली आहे. जे तिने लिहिलेलं नाही ते आपण तिच्या पदरात घालतोय. मूळ कथाच मुलं मरण्याची आहे. आणि आडून बोलायची गरज तिला होती हे तिचंच पुस्तक खोडून काढतं. अर्ल ऑफ डार्टमथ या ब्रिटिश मंत्र्याला उद्देशून जी कविता आहे, तीत ती सांगते की मला आफ्रिकेतून हिसकावून आणलं, माझ्या वडिलांच्या मनाचं काय झालं असेल, बापापासून लेकरू ओढून नेणाऱ्याचं काळीज पोलादाचंच असणार. त्या ओळींत एकाही ग्रीक देवाचं नाव नाही. त्यांच्यापुढे मला अख्खी 'नायोबी' फिकी वाटते.

याहून मोठा आक्षेप असा की पुराणकथा गुन्ह्याचं नशीब करून टाकते. गुलामी ही देवांची लहर नव्हती. तिच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, विमे होते, कायदे होते. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र ते आईवरून ठरेल. मालकाने गुलाम बाईवर अत्याचार केला तर होणारं मूलही त्याचीच मालमत्ता! हे माणसांनी बसून, विचार करून लिहिलं. तिथे अपोलोचा बाण आणला की लिहिणारा हात दिसेनासा होतो.

खडूफळा
गोदाकाठ, पण तो हात पुराणकथेआड दडवायला सुरुवात केली ती मालकांनीच. गुलामांची नावं बघा, रोमन पुढाऱ्यांची आणि देवतांची: सीझर, पॉम्पी, केटो, व्हीनस. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या गुलाम सेवकाचं नाव ज्युपिटर होतं, रोमन देवराजाचं. याच जेफरसनने व्हीटलीच्या कविता टीका करण्याच्याही लायकीच्या नाहीत असं लिहून ठेवलं.

१७९४ साली छापलेलं एक चित्र आहे. अंगोलाहून वेस्ट इंडीजला निघालेली कृष्णवर्णीय व्हीनस शिंपल्यात उभी आहे आणि शेजारी समुद्रदेव ब्रिटिश झेंडा धरून चाललाय. गुलामांच्या वाहतुकीचं चित्र हे! पाहताना अंगाचा तिळपापड होतो. कवयित्री रॉबिन कोस्ट लुइसने त्याच चित्राचं नाव आपल्या संग्रहाला दिलं, २०१५ चा नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला. शीर्षककविता रचली आहे कलाकृतींच्या नावांतून आणि संग्रहालयांच्या नोंदींतून, जिथे जिथे कृष्णवर्णीय बाई आहे तिथून. हा पडदा फाडायचा तर व्हीनसला हात लावावाच लागतो.

गोदाकाठ
लुइसची कविता मला आवडते, कारण ती नोंदवह्याच समोर मांडते. ती माझ्या बाजूची साक्ष आहे. कॅरिबियन कवी वॉलकॉटचं महाकाव्य 'ओमेरोस' (१९९०) घ्या. सेंट लुशिया बेटावरचे कोळी अकील आणि हेक्टर, मोलकरीण हेलन; नावं ग्रीक महाकवी होमरच्या कथेतली. एवढा पसारा मांडून शेवटाकडे कवी स्वतःलाच विचारतो, की हेलनला होमरच्या सावलीशिवाय, सूर्य बघतो तसं का बघू नये? हा प्रश्न मला त्या महाकाव्यातली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते.

मांडवीतीर
जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यात त्यांनी बळी आणि वामनाची कथाच उलटी केली. पण बळी आपल्या आयाबायांच्या तोंडी होताच, 'इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो'. गुलामांच्या तोंडी ज्युपिटर नव्हता. त्यांच्या देवांत पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा आणि दाहोमी लोकांचे देव होते. कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्डने १९७८ च्या संग्रहात त्यांनाच बोलावलं. तो रस्ता मला जास्त आपलेपणाचा वाटतो.

शमी
मांडवीतीर, वामनाची कथा पोथ्यांतही होती, विजयकथा म्हणून. जोतीरावांनी ती पोथीवाल्यांकडे सोडून दिली नाही.

'ओमेरोस'मध्ये ग्रीक कथेचा आणि आफ्रिकेचा, दोन्ही रस्ते भेटतात. त्यातल्या फिलॉक्टीट या कोळ्याच्या नडगीला बोटीच्या गंजलेल्या नांगराची जखम आहे, ती भरत नाही. त्याला वाटतं ही आजोबा-पणजोबांच्या साखळदंडाची जखम. ती बरी करायला ग्रीक वैद्य येत नाही. गावातली मा किलमन आफ्रिकेतून आलेल्या बीची वनस्पती शोधते आणि साखर कारखान्याच्या जुन्या कढईत त्याला न्हाऊ घालते.

गोदाकाठ, तुम्ही सांगितलेल्या कायद्याबद्दलही बोलते. अमेरिकन कवयित्री रीटा डव्हच्या पद्यनाटकात ('द डार्कर फेस ऑफ द अर्थ', १९९४) जन्मताच टाकून दिलेल्या ग्रीक राजपुत्र ईडिपसची कथा साउथ कॅरोलिनाच्या मळ्यावर घडते. मळ्याच्या गोऱ्या मालकिणीला गुलामापासून मूल होतं आणि ते टोपलीत घालून गुपचूप बाहेर काढलं जातं. आईवरून ठरवायचं तर हे बाळ स्वतंत्र. तरी ते गुलाम म्हणूनच वाढतं. कायदा लिहिणारा हात इथे मला स्वच्छ दिसतो.

गोदाकाठ
डव्हचं पटतं. तिने कथेचा सांगाडा घेतला आणि बाण माणसांच्याच हातात दिला. व्हीटलीला १७७३ मध्ये ती मोकळीक नव्हती हेही खरं. पण तिची अडचण समजली म्हणून 'नायोबी' मोठी कविता ठरत नाही. डार्टमथच्या ओळी मी अजूनही वरच ठेवेन.

शमी
त्या ओळींत बाप आहे. आई फक्त 'नायोबी'त सापडते, म्हणून मी तिकडे जाते.