बॅक्टेरियापासून वीज: अ‍ॅनोडची छिद्रं किती मोठी हवीत?

प्रश्न:
मायक्रोबियल फ्युएल सेल बनवतोय, अ‍ॅनोडला (ज्यावर बॅक्टेरिया बसून इलेक्ट्रॉन देतात तो इलेक्ट्रोड) अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे घेतले कारण एका ग्रॅमला हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, पण करंट साध्या ग्रॅफाइट फेल्टपेक्षाही (कार्बनच्या धाग्यांचा नमदा) कमी येतोय. असं का?

उत्तर १:
अरे तो जवळजवळ सगळा पृष्ठभाग नॅनोमीटरच्या छिद्रांत आहे, आणि बॅक्टेरिया साधारण १ मायक्रोमीटर जाड, मग तो आत शिरणार कसा? त्यात जिओबॅक्टरचा (हाच तो वीज देणारा बॅक्टेरिया) थर चढला की बारीक भोकं तोंडाशीच बुजतात, आतल्यांना अन्न पोचत नाही. शिवाय तयार होणारे प्रोटॉन बाहेर पडले नाहीत तर थराच्या आत आम्लता वाढून बॅक्टेरिया मंदावतात, हे लोक विसरतातच. शंभरेक मायक्रोमीटरची छिद्रं असलेला फेल्टच बघ.

उत्तर २:
सहमत. फक्त फेल्ट आधी नीट भिजव, कोरडा कार्बन पाणी धरत नाही. माझा तुकडा दोन दिवस तरंगत होता, कापला तर मध्ये ठणठणीत कोरडा! इथेनॉलमध्ये बुडवून पाण्याने धुतला तेव्हा कुठे खाली बसला.

प्रश्नकर्ता:
आत्ता एक दाणा फोडून बघितला, बॅक्टेरियाची गुलाबीसर साय नुसती वरवर आहे, आत काळाच. फेल्ट भिजत घातलाय, आकडे आले की इथेच टाकतो.