मागच्याला ठेच, पुढचा शहाणा

तळ्यात-मळ्यात
परवा 'बाराशब्द' यांनी लिहिलं, की क्रिप्टोच्या एक्स्चेंजला (नाणी घेऊन-विकून देणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपनीला) रामराम ठोकला, आता एकाच मल्टि-चेन वॉलेटात, म्हणजे चावी आपल्याच हातात असलेल्या ॲपात, इथेरियम, सोलाना, बीएनबी, ट्रॉन अशा सगळ्या चेन (क्रिप्टोची वेगवेगळी नेटवर्क). स्वॅपही, म्हणजे एक नाणं देऊन दुसरं घेणं, आतल्या आत. आणि वर: "चांगल्या ट्रेडरला फॉलो करा. तो घेईल ते आपोआप घेतलं जातं, तुम्ही निवांत झोपा." खाली लोकांची रांग, "लिंक द्या सर". तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

वॉलेटशी माझं भांडण नाही, मीही वापरतो. राग त्या "झोपा"चा आहे.

फी सोडून देऊ. स्वॅप होतो तो पूलमध्ये, म्हणजे दोन नाण्यांच्या सामायिक साठ्यात. समजा त्यात १०० सोल (सोलानाचं नाणं), समोर १० लाख टोकन (दुसरं कुठलंसं नाणं). दोन्हींचा गुणाकार कायम राहतो, भाव त्यातूनच निघतो. गुरुजी, म्हणजे तुम्ही फॉलो करता तो ट्रेडर, १० सोल टाकून ९०,९०९ टोकन उचलतात. मागून पन्नास शिष्य प्रत्येकी १ सोल घेऊन आपोआप हजर. भाव चढलेला, त्यामुळे त्या पन्नास सोलना मिळून २,८४,०९१ टोकनच येतात. आता गुरुजी विकतात, हातात २०.३ सोल. त्यांच्या मागोमाग शिष्यांचं विकलं जातं, ५० चे ३९.७. कुणी चोरी केली नाही, कोडमध्ये खोट नाही. गुरुजी आधी आले आणि आधी गेले, इतकंच. शिष्यांच्या पैशावरच गुरुजींचा 'विन रेट' चमकतो आणि तो बघून नवे शिष्य येतात.

बाराशब्द
पूल १०० सोलचा धरलात तर गणित असंच येणार. सोल आणि यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं नाणं) यांच्या मोठ्या पूलमध्ये पन्नास सोलने केसही हलत नाही. मी मीमकॉइनवाल्यांच्या (थट्टेतून निघालेल्या नाण्यांवाल्यांच्या) मागे जात नाही.

एक्स्चेंज का सोडलं तेही ऐका. देशी एक्स्चेंज, केवायसी झालेलं, ॲप चकाचक. एका सकाळी 'विड्रॉवल तात्पुरते बंद'. माझे ३ लाख १० हजार स्क्रीनवर दिसायचे, काढता येत नव्हते. बायको रोज विचारायची, "आले का?" नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज बुडालं तेव्हा 'तिकडचं आहे' म्हणून मीच हसलो होतो. आता चावी माझ्याकडे, पैसे माझे. दुसऱ्याच्या कपाटात ठेवून व्याजाची वाट बघणाऱ्यांना हे कळायचं नाही.

कोकणकडा
चावी माझ्या मेहुण्याकडेही होती हो. वॉलेटची चावी म्हणजे बारा शब्द, त्यांचा स्क्रीनशॉट काढून फोनच्या गॅलरीत. पुढे फोटो सजवायचं कुठलंसं ॲप टाकलं, त्याला गॅलरीची परवानगी दिली. तेच कारण असावं असं आम्ही धरून चाललोय. एका रात्रीत इथेरियम, बीएनबी, ट्रॉन तिन्ही साफ. तुमच्या मल्टि-चेनचा हा दुसरा अर्थ. घराची, दुकानाची आणि तिजोरीची किल्ली एकाच जुडग्यात. तक्रार द्यायला गेला, तर समोरचे साहेब विचारतात, "ओटीपी कुणाला सांगितला होता?"

पेठेतला
तपासाचं नका काढू. गेनबिटकॉइन ही बिटकॉइन गुंतवणुकीची योजना आठवतेय ना? महिन्याला १० टक्के परताव्याचं आश्वासन, १८ महिने. पुण्यात २०१८ मध्ये अटका झाल्या. आणि तपासात मदतीला घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं, क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून. कोर्टात काय व्हायचं ते होवो, पण सामान्य माणसाने जायचं कुठे?

बाराशब्द
ती पाँझी होती, नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणारी. पैसे त्यांच्या हातात दिले होते लोकांनी. इथे पैसे माझ्याच पत्त्यावर असतात. आंबा आणि आंबाडी एक करू नका.

हिशेबनीस
सगळे एक विसरताय. स्वॅप म्हणजे विक्री. सोल देऊन दुसरं टोकन घेतलंत, रुपया हाताला लागला नाही, तरी सोल विकलाच. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस. फक्त खरेदीची किंमत वजा होते आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्याला लावता येत नाही.

माझ्या एका अशिलाने वर्षभर 'झोपून' ट्रेडिंग केलं. ३४० स्वॅप. काहींत ६० हजार नफा, बाकीच्यांत ७५ हजार तोटा. म्हणजे खिशातून १५ हजार गेले आणि कर आला १८,७२०. माझ्यासमोर बसून तो दोनदा म्हणाला, "पण मी तर हरलोय."

पेठेतला
रेसकोर्सवर घोडा जिंकला तरी ३० टक्केच. सरकारने तुमची जागा बरोबर ओळखली आहे.

एडिसनकर
इथे अमेरिकेतही स्वॅपवर कर आहे, पण तोटा वजा होतो. नफा नसेल तर वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत इतर उत्पन्नातूनही. तुमच्याकडचा नियम वाचून मला खरंच वाईट वाटलं.

बाराशब्द
वाईट वाटून घेऊ नका, इकडे भरतंय कोण! वॉलेटला पॅन नंबर नसतो.

हिशेबनीस
हे जाहीर लिहू नये. बाहेरचं ॲप टीडीएस कापत नाही म्हणजे कर माफ झाला असं नाही. चेनवरची नोंद पुसली जात नाही, आणि शेवटी रुपये करायला बँकेतच याल.

पेठेतला
पगारदाराचा हातात यायच्या आधी कापतात. ज्यांनी शेतजमिनीवर फार्महाऊस बांधलं ते शेतकरी, त्यांना सगळं माफ.

कोकणकडा
शेतीवर घसरायचं काम नाही. मोहोर दोनदा गळला यंदा, फवारणीचे पैसे सुटले नाहीत. या, भरा माझ्या वाटणीचा कर. एसीत बसून फार्महाऊस मोजताय!

पेठेतला
तुम्हाला नव्हतं म्हटलं.

कोकणकडा
मग कुणाला म्हटलं? नावानिशी लिहा.

तळ्यात-मळ्यात
आंबा आणि आयकर दोघांनाही वेगळा धागा काढून देतो, तिकडे भांडा. बाराशब्द, एवढंच सांगा: तुमचे गुरुजी कुठल्या पूलमध्ये घेतात ते कधी बघितलंत? वॉलेटचा पत्ता टाकला की एक्स्प्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) सगळं दिसतं. आणि कॉपीमध्ये स्लिपेज, म्हणजे भाव किती टक्के बिघडला तरी चालेल ती मर्यादा, किती ठेवलंय?

बाराशब्द
(दुसऱ्या दिवशी) बघितलं. तुमच्या समाधानासाठी नाही, माझ्या. गेल्या आठवड्यातला एक व्यवहार: त्याने १० वाजून ४२ मिनिटांनी घेतलं, माझंही त्याच मिनिटाला लागलं, पण त्याच्यापेक्षा ११ टक्के महाग. स्लिपेज १५ टक्क्यांवर होतं, ॲपने आधीच भरलेलं, मी हात लावला नव्हता. १० वाजून ५१ मिनिटांनी त्याने विकलं. मोठ्या पूलचं म्हणालो होतो, हा मोठा पूल नव्हता. घ्या, मिळालं समाधान?

तरी एक सांगतो. गेल्या वर्षी मित्राने मला यूएसडीटी (हेही डॉलरशी बांधलेलं नाणं) चुकून बीएनबी चेनवर पाठवले, मी वाट बघत होतो इथेरियमवर. दोन्ही चेनवर पत्ता तोच, ०एक्सने सुरू होणारा. वॉलेटात चेन बदलली, पैसे समोर. एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले असते तर महिनाभर तक्रारीची तिकिटं लिहीत बसलो असतो. वॉलेट सोडणार नाही.

तळ्यात-मळ्यात
सोडा म्हटलंय कुणी? फक्त त्या कॉपीवाल्या कॉन्ट्रॅक्टला (चेनवरच्या प्रोग्रामला) दिलेलं अनलिमिटेड अप्रूव्हल, म्हणजे तुमची नाणी हवी तेवढी उचलायची परवानगी, काढा. फॉलो बंद केलं तरी ते जिवंत राहतं.

बाराशब्द
काढायला गेलो. बीएनबी चेनवर गॅसपुरतं (व्यवहाराच्या फीपुरतं) बीएनबीच नाही. हसा आता.

कोकणकडा
मेहुणा पाठवेल म्हणतोय. तेवढंच उरलंय त्याच्याकडे.

हिशेबनीस
पाठवा, पण नोंद ठेवा. आणि बाराशब्द, तुमच्याही स्वॅप-व्यवहारांची फाइल कराच्या हिशेबासाठी जुलैच्या आत द्या. शेवटच्या आठवड्यात त्या अशिलासारख्या ३४० ओळी घेऊन येऊ नका.