साथ पुन्हा आली तर बेघरांसाठी आधी काय? हॉल मिळतोय, पण मन धजत नाही

पायवाट

नमस्कार. आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. रस्त्यावर राहणाऱ्यांना कपडे, पांघरुणं देणं, कुणाला दवाखान्यात घेऊन जाणं, कागदपत्रांसाठी खेटे घालणं, असं जमेल तसं काम करतो. कोविडच्या वेळी आमच्यातले बहुतेक जण या कामात नव्हतेच. पुन्हा तशी साथ आली तर ऐनवेळी धावपळ नको, म्हणून आत्ताच काहीतरी आराखडा करून ठेवावा असं चाललंय.

एक संस्था तिचा मोठा हॉल द्यायला तयार आहे. पन्नासेक माणसं सहज झोपतील. दारात ताप मोजायचा, मास्क आणि सॅनिटायझर द्यायचं, दोन वेळचं जेवण द्यायचं, असा बेत आहे. गटातल्या काहींचं म्हणणं, हॉल मिळाला म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे मुद्देसूद मांडताही येत नाहीये. ज्यांनी त्या काळात प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, पहिल्या आठवड्यात हाताशी काय हवं?

उंबरठा

हॉल मिळतोय तर हातचा सोडू नका. उघड्यावर झोपण्यापेक्षा डोक्यावर छप्पर केव्हाही बरं. अंतर ठेवून गाद्या घाला, मास्क सक्तीचा करा, ताप असेल त्याला वेगळं काढा. फार विचार करत बसलात तर साथ येऊन जाईल आणि तुम्ही बैठकाच घेत असाल.

रात्रपाळी

मी नर्स आहे. कोविडच्या काळात एका निवाऱ्यात रात्रपाळी करत होते. पायवाट, तुमची शंका रास्त आहे. गटापुढे मांडायला मुद्दा हवाय ना, हा घ्या.

एप्रिल २०२० मध्ये बॉस्टनमधल्या एका मोठ्या निवाऱ्यात सरसकट सगळ्यांची तपासणी केली गेली, लक्षणं असोत वा नसोत. ४०८ जणांपैकी १४७ बाधित निघाले, म्हणजे ३६ टक्के. आणि त्या १४७ मध्ये ताप असलेले एक टक्कासुद्धा नव्हते. खोकला होता तो साडेसात टक्क्यांना. म्हणजे दारात कपाळावर रोखायची ती बंदूक त्यातल्या बहुतेकांना 'जा आत' म्हणाली असती. 'ताप असेल त्याला वेगळं काढा' हे उंबरठा म्हणतात ते ऐकायला सोपं आहे, पण ज्याला काढायचं तो ओळखू येत नाही, हीच तर या आजाराची खोड होती.

हॉलमध्ये पन्नास माणसं रात्रभर एकच हवा आत-बाहेर करतात. गाद्या सहा फुटांवर घाला, एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय अशा उलटसुलट घाला (अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने, सीडीसीने, हेच सांगितलं होतं आणि आम्ही तसंच केलं). त्याचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण हवा कुठे सहा फुटांवर थांबते? शिवाय झोपेत मास्क कोण लावून राहणार? ज्याला आधीच धाप लागते तो तर मुळीच नाही. आणि सकाळी शौचालयापुढे सगळे एकाच रांगेत.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: झोपायला दार असलेली खोली, हॉल नव्हे. निदान ज्यांना धोका जास्त त्यांना तरी. साठीच्या पुढचे, दम्याचे, मधुमेहाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका. यात पन्नाशीतल्यांनाही धरा, कारण रस्त्यावर वर्षं काढलेल्या माणसाचं शरीर कागदावरच्या वयापेक्षा खूप पुढे गेलेलं असतं.

हे काही स्वप्नरंजन नाही. मार्च २०२० च्या शेवटी इंग्लंडच्या सरकारने स्थानिक प्रशासनांना सांगितलं, रस्त्यावरच्या आणि दाटीच्या निवाऱ्यांतल्या सगळ्यांना आत घ्या. मोहिमेचं नावच 'एव्हरीवन इन'. पर्यटक नसल्याने हॉटेलं ओस पडली होती, तीच वापरली. लंडनच्या संशोधकांनी नंतर गणिती प्रारूप मांडून अंदाज काढला की, हे आणि निवाऱ्यांतले इतर प्रतिबंधक उपाय मिळून पहिल्या लाटेत इंग्लंडमधल्या बेघरांपैकी २६६ जणांचे प्राण वाचले असावेत आणि हजारापेक्षा जास्त जणांचं रुग्णालयात भरती होणं टळलं असावं. आता याच्या शेजारी लास वेगास ठेवून बघा. तिथे त्याच मार्चमध्ये एका निवाऱ्यात रुग्ण सापडला म्हणून तो बंद झाला आणि माणसांना वाहनतळाच्या डांबरावर पांढऱ्या रेघांनी चौकोन आखून त्यात झोपवलं. आणि शहर कुठलं, तर हॉटेलांचं! सगळी रिकामी. ते फोटो जगभर फिरले.

आता पहिल्या आठवड्याबद्दल. खोल्या पहिल्या आठवड्यात मिळत नाहीत, त्यामुळे तोवर काय हा खरा प्रश्न. मी असं सांगेन की, जेवणाची पाकिटं भरायला घेण्याआधी गावात फिरून काय काय बंद झालंय ते लिहून काढा. सार्वजनिक शौचालयं, वाचनालयं, नळ, मंडया. बेघर माणसाचं घर शहरभर विखुरलेलं असतं: तोंड एका ठिकाणी धुतो, मोबाइल दुसरीकडे चार्ज करतो, उन्हाचा तिसरीकडे बसतो. टाळेबंदीत ते सगळं एका दिवसात कुलूपबंद होतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला हात धुवायला सांगतो.

तेव्हा पाणी आणि शौचालय पहिलं. सार्वजनिक शौचालयं चोवीस तास उघडी ठेवा म्हणून प्रशासनाच्या मागे लागा. ती मिळणार नसतील तर फिरती मागा. हात धुण्याची सोय तुम्ही स्वतः करू शकता. तोटी असलेला वीस लिटरचा कॅन, शक्यतो पायाने दाबायचा पंप म्हणजे तोटीला हात लावावा लागत नाही, खाली बादली. साबणाची वडी उघडी ठेवलीत तर पहिल्याच दिवशी गायब होते आणि त्यात चोरी अशी काही नाही, ज्याला लागते तो नेतो. जाळीच्या पिशवीत घालून कॅनला बांधा. बादली कोण ओतणार आणि कॅन कोण भरणार ही दोन नावं आधी ठरवा, मगच कॅन लावा. सांडपाण्याचा चिखल झाला की आजूबाजूचे तक्रार करतात आणि कॅन उचलायला लागतो. तक्रार त्यांचीही चुकीची नसते म्हणा.

सॅनिटायझरबद्दल एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. बाटल्या वाटू नका, आपल्या हाताने तळव्यावर घाला. दारूचं व्यसन असलेला माणूस दारू मिळेनाशी झाली की ते पितो. २०२० मध्ये अमेरिकेत काही सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल निघालं. ते पिऊन माणसं दगावली, काहींची दृष्टी गेली.

आणि याच्याही पुढचं: रोज पिणाऱ्या माणसाला विलगीकरणात एकटं ठेवून त्याची दारू एकदम तोडलीत तर तो कोविडने नाही, त्याने मरू शकतो. काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. मग फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास, प्रचंड घालमेल. आमच्याकडे एक आजोबा भिंतीवरून मुंग्या झटकत बसले होते. भिंतीवर काही नव्हतं. नवखा स्वयंसेवक म्हणाला, 'आजोबा गंमत करतायत.' मी आधी रुग्णवाहिका बोलावली, मग त्याला समजावलं. तेव्हा खोलीत कुणाला पाठवण्याआधी 'रोज पिता का, किती, शेवटची कधी' हे विचारा. रागावून नाही, रक्तदाबाची गोळी घेता का विचारतो त्याच आवाजात. उत्तर 'हो' असेल तर डॉक्टर ठरलेला हवा. सॅन फ्रान्सिस्कोत विलगीकरणाच्या हॉटेलांत वैद्यकीय देखरेखीखाली मोजून दारू दिली गेली. त्यावर ओरडही झाली. मी रात्रपाळी केलेली असल्यामुळे त्या ओरडणाऱ्यांच्या बाजूची नाही.

पाठीवर बिऱ्हाड

मी त्या वेळी रस्त्यावर होतो, म्हणून लिहितोय.

रात्रपाळी ताईंनी चार्जिंगचं एका ओळीत उरकलं, पण ते फार मोठं आहे. सगळं फोनवर गेलं होतं. मदत क्रमांक फोनवर, तपासणीचा निकाल फोनवर, खोली रिकामी झाली तर फोन येणार. आणि फोन बंद, कारण जिथे चार्ज करायचो ती सगळी ठिकाणं बंद. माझी एकदा खोली हुकली ती अशीच. फोन लागला नाही म्हणून पुढच्याला दिली. तुम्ही दुसरं काही नाही केलं तरी चार-सहा सॉकेटची पट्टी घेऊन रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसा. वेळ पाळा मात्र. एक दिवस आला नाहीत तर दुसऱ्या दिवशी निम्मे येणार नाहीत.

हॉलमध्ये मी का गेलो नाही तेही ऐका. सामान दोनच पिशव्या आणा म्हणाले. बाकीचं कुठे टाकू? माझ्या शेजारी झोपणाऱ्याचा कुत्रा होता, त्याला 'कुत्रा बाहेर' म्हणाले, तर तोही बाहेरच राहिला. एक नवरा-बायको होते, त्यांना पुरुष इकडे, बायका तिकडे. तेही परत आले. मग बाहेर लोक म्हणतात, यांना मदत नकोच असते.

आणि तंबू उठवायला येऊ देऊ नका. मला जी बाई गोळ्या आणून द्यायची तिला मी एकाच कोपऱ्यावर सापडायचो. तिथून हुसकल्यावर तिला मी सापडलोच नाही.

रात्रपाळी

दादा, बरं झालं लिहिलंत. शेवटचा मुद्दा तर सीडीसीच्या सूचनांतही होता: स्वतंत्र राहण्याची सोय देता येत नसेल तर माणसं जिथे आहेत तिथेच राहू द्या, वस्ती उठवली की ती पांगतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्यांशी संबंध तुटतो. तंबूंना प्रत्येकी बारा फूट बाय बारा फूट जागा द्यावी असंही होतं. पायवाट, या सूचना छापून जवळ ठेवा. रात्री कुणी हुसकायला आलं तर तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

उंबरठा

सगळं मान्य. पण खोल्यांचे पैसे पंधरा-वीस जणांचा गट कुठून आणणार? हॉल फुकट आहे. इंग्लंडात सरकार होतं, इथे आपण आहोत.

रात्रपाळी

बरोबर प्रश्न. गटाने खोल्या भाड्याने घ्यायच्याच नाहीत. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये 'प्रोजेक्ट रूमकी' सुरू केलं तेव्हा पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्राच्या आपत्ती निधीतून मिळणार होता. म्हणजे पैसा आपत्तीच्या खात्यातून आला, दानपेटीतून नाही. तुमचं काम मागणी तयार ठेवण्याचं: कुठल्या हॉटेलात, वसतिगृहात, प्रशिक्षण केंद्रात किती खोल्या आहेत, मालक कोण, बोलणं झालंय का, आणि रस्त्यावरच्या कुणाकुणाला त्या आधी द्याव्या लागतील. प्रशासनाकडे पैसा असतो तेव्हा बऱ्याचदा ही यादीच नसते. ज्यांच्याकडे ती असते त्यांचं काम आधी होतं.

आणि हॉल सोडा असं मी कुठे म्हटलं? हॉल दिवसा वापरा. खिडक्या-दारं सताड उघडी, एका वेळी थोडीच माणसं. आंघोळ, शौचालय, चार्जिंग, सामान ठेवायला जागा, नर्सची एक खुर्ची. पत्र यायला पत्ता म्हणूनही तो कामाला येतो. अतिवृष्टी किंवा कडाका पडला तर रात्री उघडा, तेव्हा गारठा जास्त धोक्याचा. पण पन्नास नाही, पंधरा.

पायवाट

हे फार कामाचं आहे, सगळ्यांचे आभार. दिवसाच्या केंद्राचं आज गटात मांडतो. लसीचं काय करायचं? त्या वेळी कागदपत्रांवरून बरीच अडवणूक झाली होती असं ऐकलंय.

रात्रपाळी

झाली होती. इंग्लंडमध्ये मार्च २०२१ मध्ये लसीकरणाच्या सल्लागार समितीने बेघरांना प्राधान्य गटासोबत घ्यायला सांगितलं, वय किंवा जुने आजार तपासत न बसता. तुम्हीही ओळखपत्राविना लस मिळेल हे आधीच लेखी घ्या. दोन डोसांच्या लसीत दुसऱ्या वेळी माणूस शोधणं हेच मोठं काम असतं. म्हणून जॉन्सनच्या एका डोसच्या लसीवर अनेकांनी भिस्त ठेवली होती. मग एप्रिल २०२१ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ घटनांमुळे अमेरिकेत ती काही दिवस थांबवली गेली. नंतर सुरू झाली तरी लोक विचारायचे, 'आम्हालाच ती का?' याला उत्तर देणारा माणूस अनोळखी डॉक्टर नको, रोज चार्जिंगला बसणारा हवा. त्याचं ऐकतात.

पाठीवर बिऱ्हाड

आणि सामान ठेवायच्या जागेला कुलूप लावा, चावी दोघांकडे ठेवा. एकाकडेच असली की तो आजारी पडला तर सगळ्यांचं सामान आत अडकतं. पिशवीला क्रमांकाची चिठ्ठी बांधा, तसलीच दुसरी माणसाकडे. चिठ्ठी हरवली तर सामान देणार नाही असं करू नका, हरवणारच ती. पिशवीत काय आहे ते सांगितलं की द्या.