सायकल रेसमधे बाकीचे सात जण नक्की करतात काय?

घाटवेडा
मंडळी, प्रश्न बेसिक आहे, हसू नका. इतकी वर्षं टूर द फ्रान्सचे फक्त हायलाईट्स बघायचो, आता पूर्ण स्टेजेस (म्हणजे एकेका दिवसाची रेस) बघायला लागलोय आणि एक गोष्ट काही केल्या पचत नाहीये. टीममधे आठ जण, पण जिंकायला एकच जण जाणार. बाकीचे सात जण एकवीस स्टेज, सव्वातीन-साडेतीन हजार किमी, ते आल्प्स आणि पिरेनीज सगळं चढून करणार काय तर दुसऱ्याला पाण्याच्या बाटल्या आणून देणार. परवा एक जण तासन् तास सगळ्यांच्या पुढे राहून घोळका ओढत होता, शेवटचा चढ लागला आणि हा पाच मिनिटात गायब, मग आला अर्ध्या तासाने आरामात. आणि कॉमेंटेटर म्हणतोय काय जबरदस्त राईड! यात जबरदस्त काय ते सांगा. आणि यातलाच एखादा लीडरपेक्षा तगडा निघाला तर तो गप्प बसतो का?

चेनतेल
सगळा खेळ वाऱ्याचा आहे रे. सपाटीवर ताशी 45 ने जाताना तुझी बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. कोणाच्या तरी मागे चिकटून चाललास की साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, आणि मोठ्या घोळक्यात आत असलास तर त्याहून बरीच जास्त. म्हणजे लीडरला चार-साडेचार तास वारा लागूच द्यायचा नाही. चढाला स्पीड कमी होतो, मागे लपून फारसा फायदा उरत नाही, तिथे मग ज्याचे पाय ताजे त्याचं राज्य. तुझा तो "गायब" झालेला माणूस हरला नव्हता, त्याची ड्युटी संपली होती.

अर्ध्या तासाने येणं पण ठरवूनच असतं. प्रत्येक स्टेजला टाइम लिमिट असते, जिंकणाऱ्याच्या वेळेवरून काढलेली, तेवढ्यात पोचलं की झालं. मग हे सगळे दमलेले लोक, वेगवेगळ्या टीमचे, एकत्र गट करून हिशोबाने चढतात, त्याला ग्रुपेटो म्हणतात. उद्या परत ओढायचंय ना, आज उगाच पाय कशाला जाळायचे.

आणि बाटल्यांना हलकं समजू नकोस. टीमच्या गाड्या घोळक्याच्या मागे लायनीत असतात. आधी मागे जायचं, अर्ध्या लिटरच्या सात-आठ बाटल्या जर्सीत पुढून मागून कोंबायच्या, म्हणजे झाले चारेक किलो, आणि ते पोट घेऊन दीडशे लोकांमधून वाट काढत परत पुढे यायचं, तेही घोळका पन्नासने पळत असताना. असं दिवसातून किती वेळा ते उन्हावर.

पुणेरी_पॅडल
थोडक्यात नाइट वॉचमन.

चेनतेल
@पुणेरी_पॅडल नाही पटलं. नाइट वॉचमनचा निदान स्कोअरबोर्डवर आकडा तरी लागतो, इथे रिझल्टमधे हा 140 वा, बास.

कोल्हापुरी_क्लाइंबर
नुसता वारा अडवणं एवढंच नाहीये. ज्याला हे काम समजून घ्यायचंय त्याने 2025 च्या जिरोची (इटलीतली टूरसारखीच मोठी रेस) 20 वी स्टेज बघावी, रोमला पोचायच्या आदला दिवस. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची, देल तोरोकडे, 43 सेकंद मागे कारापाझ, आणि सायमन येट्स तिसरा, 1 मिनिट 21 सेकंद मागे. कोले देल्ले फिनेस्त्रे हा चढ साडेअठरा किमीचा, वरचे आठेक किमी तर कच्चा रस्ता. गंमत म्हणजे 2018 ला याच चढावर येट्सची गुलाबी जर्सी गेली होती, फ्रूमने 80 किमी एकट्याने मारले तो दिवस.

तर येट्स चढावर सुटला. मागे देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत बसले, तू ओढ नाही तू ओढ. पण खरी गोष्ट त्याच्या आधीच झालेली. येट्सच्या टीमने वाउट वान आर्टला सकाळीच ब्रेकमधे, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे गेलेल्या गटात, पाठवून ठेवलेला. तो येट्सच्या आधी चढ पार करून पलीकडे गेला आणि थांबला, येट्स उतरून आल्यावर त्याला मागे घेऊन सेस्त्रिएरेच्या चढापर्यंतचा तो सपाटीचा पट्टा असा काही ओढला की मागच्यांचा विषयच संपला. मागे दोघं भांडतायत आणि पुढे असलं इंजिन लागलंय. शेवटी त्या स्टेजला देल तोरो येट्सच्या पाच मिनिटांहून जास्त मागे पडला आणि येट्सने जिरो जिंकला. आता वान आर्ट हा काय लिंबूटिंबू नाही, त्याच जिरोत सिएनाची स्टेज त्याने स्वतः देल तोरोला हरवून जिंकली होती. तरी ब्रेकमधे पुढे असूनही स्वतःची स्टेज सोडून थांबला. मला तरी येट्सच्या अटॅकपेक्षा हे प्लॅनिंग भारी वाटलं. कॅमेरा बहुतेक वेळ चढावर असतो म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

घाटवेडा
ओह हे जबरी आहे, रात्री बघतो. पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच ना. मदतनीसच जास्त तगडा असेल तर?

मावशी_ऑन_व्हील्स
गप्प बसतो, पण चेहऱ्यावर दिसतं. 2012 ची टूर बघ. विगिन्स लीडर आणि फ्रूम त्याचा मदतनीस. ला तूसुईरच्या चढावर फ्रूम सुटला, विगिन्स मागे पडायला लागला, कानातल्या रेडिओवर बोलणं आलं आणि हा थांबला. पुढे पेराग्यूडला तर सारखा मागे वळून हाताने "चल चल" करत होता, सगळ्या जगाला दिसलं चढावर कोण जास्त दमदार आहे ते. विगिन्स पहिला, फ्रूम दुसरा. पण विगिन्सचं टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध) त्या वर्षी तुफान होतं हेही खरंय, त्यामुळे फ्रूमवर अन्यायच झाला असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी त्याने टूर मारलीच.

उलटं उदाहरण 2023 ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तशीच मोठी रेस. सेप कस म्हणजे डोंगरातला मदतनीस, त्याच वर्षी रोग्लिचला जिरो आणि विंगेगोरला टूर जिंकायला मदत करून आलेला. व्हुएल्टात ब्रेकमधे जाऊन एक स्टेज जिंकला आणि नंतर लाल जर्सीच (तिथे पहिल्या नंबरवाल्याची) मिळाली. तर अंगलिरूच्या चढावर त्याचेच हे दोन साहेब त्याला सोडून पुढे निघून गेले! ज्याने वर्षभर ओझं वाहिलं त्याच्याशी असं? तो बिचारा दुसऱ्या टीमच्या मिकेल लांडाच्या मागे चिकटून कसाबसा आला, लीड उरला 8 सेकंद. मग इतकी बोंबाबोंब झाली की दुसऱ्या दिवसापासून ठरलं, आता कसच जिंकणार. शेवटी तिघं एक-दोन-तीन. जर्सी त्याची होतीच, पण ती राखायला पब्लिकला ओरडावं लागलं हे मला अजून खटकतं.

पुणेरी_पॅडल
ते रेने व्हिएटोचं कोणी सांगितलं नाही अजून? 1934 ची टूर, वीस वर्षांचं पोरगं, टीमचा लीडर अंतोनँ मान्य याच्यासाठी स्वतःचं चाक काढून दिलं आणि भिंतीवर बसून रडतोय तो फोटो. टूर घालवली बिचाऱ्याने.

चेनतेल
@पुणेरी_पॅडल फोटो खरा आहे, पण टूर घालवली ही दंतकथा. अंतोनँ मान्य 27 मिनिटांनी जिंकला आणि व्हिएटो पाचवा आला, जवळपास तासभर मागे. चाक दिल्याने तासभर जात नाही. डोंगराचा राजा (चढांवरच्या पॉइंट्सचा विजेता) मात्र व्हिएटोच झाला त्या वर्षी.

घाटवेडा
आणि पैसे? का नुसत्या टाळ्या?

मावशी_ऑन_व्हील्स
पगार असतो रे, मुख्य कमाई काँट्रॅक्टची. टूर जिंकणाऱ्याला 5 लाख युरो मिळतात पण ते प्रथेप्रमाणे टीममधे वाटले जातात, मेकॅनिक आणि मालिशवाल्यांपर्यंत. लीडर नुसता हात हलवत बसला तर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी कोण मरणार? आणि काही जण याच कामाने फेमस होतात, टिम डेक्लेर्क नावाचा बेल्जियन होता त्याला एल ट्रॅक्टर म्हणायचे, घोळक्याच्या पुढे उभा वारा खात ब्रेकवाल्यांचा पाठलाग करायचा, दिवस दिवस.

कोल्हापुरी_क्लाइंबर
@घाटवेडा पुढच्या सपाट स्टेजला एक कर. शेवटचे पाच किमी पहिल्या माणसाकडे बघू नको, स्प्रिंटरच्या (शेवटच्या काहीशे मीटरात सुसाट सुटणाऱ्याच्या) पुढच्या दोघातिघांकडे बघ, कोण कधी बाजूला होतो ते. आणि बाजूला झाल्यावर मधे कडमडायचं नाही ही पण कलाच आहे.

घाटवेडा
ओके, शनिवारी बघून सांगतो. फिनेस्त्रेची पूर्ण स्टेज कुठे मिळेल, कोणाकडे लिंक आहे का?